घोडा का अडला? थेरपीच्या घोड्यांची देखभाल आणि आपला हातभार

पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला? लहानपणी हे कोडं कुणी घातलं की आम्ही भावंडं एका सुरात ओरडायचो, ‘न फिरवल्यामुळे!’ इंदूरच्या लोकमान्य नगरात वाढलेल्या मुलीचा घोड्याशी संबंध तेवढाच. फार तर शेजारच्या लग्नातली वरातीची घोडी. साठी ओलांडल्यावर नातवाला घेऊन महूच्या बाजूच्या एका छोट्या पागेत जायला लागले, तेव्हा कोड्यातला तिसरा प्रश्न समोर येऊन उभा राहिला.

नातवाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर आणि तोलावर नीट ताबा राहत नाही. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं आठवड्यातून दोनदा घोड्यावर बसवायचं ठरलं. दुसऱ्या पावसाळ्यात एक गुणी घोडी, चांदणी तिचं नाव, मुलांना चढवायच्या ओट्यापाशी आली की पाय रोवून उभी राहायची. कान मागे, शेपटीचे फटकारे. ‘आज नखरे करतेय,’ असं आम्ही पालक म्हणायचो. घोड्यांची देखभाल करणारे म्हातारे मोतद्दार काका मात्र शांतपणे म्हणाले, ‘बीस दिन से ठाण पे बंधी है, आजी. बाहर निकलती है तो सिर्फ काम के लिए.’ पावसामुळे मैदानात चिखल, म्हणून घोडे आत बांधलेले. सुटका व्हायची ती फक्त मुलांना पाठीवर घ्यायला. चार दिवस रोज तासभर मोकळं फिरवल्यावर चांदणी ओट्याशी निमूट उभी राहिली.

तेव्हापासून मी पालकांच्या बाकावरून उठून पागेत कामाला लागले. गेल्या सहा वर्षांत जे शिकले ते इथे मांडतेय. तुमचं मूल अशा कार्यक्रमात जात असेल, किंवा निवृत्तीनंतर हाताला काम हवं असेल, तर उपयोगी पडेल.

आधी, घोडा इथे नेमकं काय करतो

घोडा कदम चालीनं चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी वळत, अशी तिन्ही दिशांनी हलते. माणूस चालताना त्याचं कंबरेचं हाड जवळजवळ असंच हलतं. जे मूल स्वतः चालू शकत नाही, त्याच्या कंबरेला ही चाल घोड्याकडून मिळते, मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं. तोल सावरायला पोटाचे आणि पाठीचे स्नायू आपोआप कामाला लागतात. ‘ताठ बस’ असं शंभरदा सांगून जे होत नाही, ते वीस मिनिटांच्या फेरीत न सांगता घडतं.

या उपचाराची गोष्ट निघाली की डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचं नाव येतंच. पोलिओमुळे त्यांचे गुडघ्याखालचे पाय निकामी झाले होते. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं आणि १९५६ मध्ये पुन्हा तेच करून दाखवलं. त्यानंतर युरोपात अशा स्वारीची केंद्रं निघू लागली. १९६९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या.

एक खुलासा करून टाकते. हा फिजिओथेरपीला पर्याय नाही, तिचा जोडीदार आहे. प्रत्येक मुलाला तो चालतोही असं नाही. आटोक्यात नसलेली फेफरं, निखळलेला खुबा, ठिसूळ हाडं असतील तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय बसवू नये. डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांची तपासणी आधी करून घ्यावी लागते. जे केंद्र हे कागद न मागता मूल थेट घोड्यावर बसवतं, तिथून परत फिरा. मुलाबद्दल इतकं निष्काळजी असणारी माणसं घोड्याबद्दल काय काळजी घेणार!

आता घोड्याच्या बाजूनं पाहा. पाठीवर बसणारं मूल एका बाजूला कलतं, अचानक किंचाळतं, आयाळ घट्ट पकडतं. पुढे दोर धरलेला माणूस, दोन्ही बाजूंना मुलाला आधार देणारे दोघे. स्वतःची जागा म्हणून काही उरत नाही. शर्यतीच्या घोड्याचं अंग दमतं, या घोड्याचं डोकं दमतं. धावणारा घोडा दमला की घामानं कळतं. हा दमला तर फक्त कान, डोळे आणि ओठ पाहून कळतं, तेही पाहणाऱ्याला.

पहिला दिवस: जवळ कसं जायचं

घोड्याला कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून तोंडासमोरून किंवा पाठीमागून जाऊ नका. डाव्या खांद्याच्या रोखानं, तिरपं, बोलत बोलत जा. काय बोलता याला महत्त्व नाही; मी बहुतेकदा भाजीचे भाव सांगते. आधी हाताची पाठ हुंगू द्या, मग मानेवर थोपटा. कौतुकानं सरळ नाकावर हात ठेवायची आपली सवय त्याला बिलकूल आवडत नाही.

मोरखीचा, म्हणजे घोड्याच्या तोंडाभोवती बांधलेल्या पट्ट्याचा, दोर हाताला कधीही गुंडाळू नका. जास्तीचा दोर घड्या घालून मुठीत धरा. घोडा बिचकून उधळला तर गुंडाळलेला दोर सुटत नाही आणि माणूस फरफटत जातो. चपला नकोत, पुढून बंद बूट घाला. ओढण्या, लटकती कानातली घरी ठेवा.

आणखी एक काम दवाखान्यात जाऊन उरकून घ्या: धनुर्वाताचं इंजेक्शन. घोड्याच्या लिदीत आणि पागेच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. पागेत वावरणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसानं आणि मुलानं हे इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं.

खरारा

नव्या माणसाला पहिलं काम मिळतं ते खराऱ्याचं, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करण्याचं. ते कमी दर्जाचं वाटून घेऊ नका. पागेतला सगळ्यात चांगला तपासनीस खरारा करणाराच असतो, कारण त्याचा हात रोज सगळ्या अंगावरून फिरतो.

डाव्या बाजूला, मानेपासून सुरुवात करा. रबरी खरारा गोल गोल फिरवत मान, खांदा, पाठ, पुठ्ठा (मागचा मांसल भाग) असं मागे जा. मांसल भागावरच दाब द्या. गुडघ्याखालचे पाय, कणा आणि तोंड, जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं, तिथे रबरी खरारा नको, मऊ ब्रश घ्या. मग कडक ब्रशनं वर आलेली धूळ केसांच्या दिशेनं झटकून टाका. पोटाखाली, तंग म्हणजे खोगिराचा पट्टा आवळला जातो तिथे, हातानं चाचपा: वाळलेला चिखलाचा एक खडा राहिला तरी तंगाखाली घासून जखम होते.

हे करताना गाठ, सूज, गरम लागणारी जागा, गोचीड सापडलं तर मोतद्दाराला सांगा. पाठीवर बोटं दाबत नेताना घोड्यानं पाठ खाली दबवली किंवा कातडी थरथरवली तर तिथे दुखतंय. त्या दिवशी खोगीर नको. मुलं वाट पाहत असली, पालक सराफ्यापासून रिक्षा करून आले असले, तरी नको. त्या दिवशी मुलांनी जमिनीवर उभं राहून घोड्याला खरारा करावा. हात वर नेणं, दोन हातांचा मेळ, पकड, सगळा व्यायाम त्यात होतो. नातवानं पहिल्यांदा डावा हात खांद्याच्या वर नेला तो घोड्यावर बसून नाही, चांदणीची मान घासताना.

वजन आणि खोगीर

घोड्याला काटा लागत नाही, फीत पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. घेराला घेरानं गुणा, लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. आलेला आकडा म्हणजे किलोतलं वजन, अंदाजे.

चांदणीचा घेर १६० आणि लांबी १४५. म्हणजे सुमारे ३१२ किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपुढे जाऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. चांदणीसाठी तो आकडा ६२ किलो. पण तो आकडा तोल सांभाळणाऱ्या, सरावलेल्या स्वारासाठी. एका बाजूला कलणारं, घोड्याच्या चालीशी जमवून न घेता येणारं वजन जास्त जड पडतं, म्हणून आम्ही १५ टक्क्यांवर थांबतो, म्हणजे ४७ किलो, खोगिरासकट. आठ किलोचं खोगीर वजा केलं की मुलाच्या वाट्याला ३९ उरतात. मुलं वाढतात, घोडी वाढत नाही. दर सहा महिन्यांनी मुलांचं वजन करायला हवं. एका पालकांना हे सांगितलं तर ते रागावले. त्यांचा मुलगा चांदणीवर रुळला होता. पण तो आता मोठ्या घोड्यावर बसतो आणि गडी खूष आहे.

खोगीर बरोबर बसतंय का हे घामावरून कळतं. स्वारीनंतर खोगीर उतरवलं की पाठीवर दोन्ही बाजूंना सारखा ओलसर ठसा दिसला पाहिजे. त्यात मधेच कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब पडतोय. वशिंडाच्या जागी, म्हणजे मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर, खोगिराखाली दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत. पाठीवर पांढऱ्या केसांचे गोल डाग दिसले तर ते जन्माचे नसतात बहुधा. जुन्या खोगिराच्या जखमा भरून आलेल्या असतात.

वरातीतून थेरपीत आलेल्या घोड्यांवर असे डाग हमखास दिसतात. चांदणीही तिथूनच आली. बॅन्ड, फटाके, डीजे यांनी ती कधी बिचकली नाही, हा फायदाच. पण तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना वण होते आणि कानाकडे हात नेला की मान झटकायची. काटेरी लगामाला ओझेवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत बंदी आहे, तरी तो अजून दिसतो. असा घोडा लगामाशिवाय, फक्त मोरखीवर चालवायला शिकवावा. आम्हाला पाच महिने लागले.

चारा, दाणा, पाणी

मदत करणाऱ्यांच्या सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडी लांबण लावते.

घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. त्यामुळे तो दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी आहे. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जाणार. अडलं तर जिवावर बेततं. पागेचे सगळे नियम या दोन गोष्टींतून निघतात.

रोजचा चारा सुक्या वजनात घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के. चांदणीला ५ ते ६ किलो. हिरव्या लसूणघासात, ज्याला आपल्याकडे बाजारात रिजका म्हणतात, बहुतेक पाणीच असतं. त्यामुळे हिरव्याचा भारा दिसायला मोठा असला तरी सुक्या चाऱ्याची भरपाई त्यानं होत नाही. सुकं गवत मुख्य, हिरवं जोडीला. दिवसातून तीन-चार वेळा विभागून आणि रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा.

दाणा, जुन्या लोकांच्या भाषेत चंदी, कामाच्या मानानं. थेरपीचा घोडा चालतो, दौडत नाही. त्याला मूठभर हरभरा आणि जव दिला तरी भागतं. एका वेळेला घोड्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा, म्हणजे चांदणीला दीड किलोपेक्षा, जास्त दाणा कधीच नको. गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून पोत्यांनी येतो. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी. महिनोन्‌महिने कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडं पोकळ होतात आणि तोंडाची हाडं फुगतात. मिठाचं चाटण ठेवा, नाहीतर रोज १०० किलो वजनामागे १० ग्रॅम मीठ चंदीत घाला.

चाऱ्यात कुठलाही बदल करायचा तो आठ-दहा दिवसांत, थोडा थोडा. नव्या रिजक्याची गाडी आली म्हणून एका दिवसात टोपलंभर घालू नका. पोटशूळ तिथूनच सुरू होतो.

आता न देण्याच्या वस्तू. गाई-म्हशींसाठीचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याला घालू नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र अगदी थोड्या मात्रेत निकामी होतं. माळव्यात घरोघरी सोयाबीन, पण कच्चं सोयाबीन पचनात अडथळा आणतं. बुरशी आलेला चारा, तो कितीही पुण्याचा असला तरी, परत पाठवा. कुंपणाला कण्हेर शोभून दिसते. तिची मूठभर पानं घोड्याचा जीव घ्यायला पुरतात. घाणेरी आणि एरंडही पागेजवळ नकोत.

आणि दसरा. आपल्याकडे दसऱ्याला घोड्याची पूजा होते. छानच आहे. पण प्रत्येक जण पेढा, जिलबी, पुरणपोळी घेऊन येतो आणि रात्री पोटशूळ होतो. आम्ही आता दाराशीच ताट ठेवतो. हळद-कुंकू घोड्याला, फराळ मोतद्दारांना. कुणाची तक्रार नाही, मोतद्दारांची तर नाहीच.

मी स्वतः केलेली चूक सांगते. पहिल्या वर्षी नातवाच्या वाढदिवसाला गाजरं घेऊन गेले, घरून छान गोल चकत्या करून. म्हाताऱ्या घोड्यानं दोन घास न चावताच गिळले. मान लांब केली, खोकला, आणि दोन्ही नाकपुड्यांतून गाजराचे कण मिसळलेली लाळ. मी थिजले. काकांनी दाणा-पाणी सगळं दूर केलं, मान खाली राहील असं त्याला उभं केलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर येऊन नळी घालेपर्यंतचा पाऊण तास मला अजून आठवतो. गाजर द्यायचं तर उभं, लांब फोडी करून. म्हाताऱ्या घोड्याला किसून.

पाणी साध्या दिवसात २५-३० लिटर, मे महिन्यात त्याच्या दुप्पट. बादली रोज घासायची. घोडा घाणेरडं पाणी पीत नाही, तहानलेला राहतो आणि कोरड्या पोटात चारा अडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढीच कामाची वेळ. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो विसरा. भरपूर पाणी ओता, हातानं निथळून काढा, पुन्हा ओता आणि सावलीत हळू फिरवा.

काळी माती आणि खूर

माळव्याची काळी माती शेतकऱ्याची लक्ष्मी, घोड्याच्या खुराची वैरीण. पावसात ती खुरात चिकटून बसते, आत हवा जात नाही आणि खुराच्या तळाची मऊ त्रिकोणी पुतळी सडायला लागते. काळा स्राव आणि नाक मुरडावं असा वास आला की ओळखा.

रोज दोनदा खूर साफ करा. खूर कोरायची आकडी टाचेकडून अंगठ्याकडे, म्हणजे मागून पुढे ओढायची. पुतळीच्या दोन्ही बाजूंच्या खाचा कोरायच्या, पुतळीवर टोक लावायचं नाही. ठाणाची जमीन कोरडी ठेवायची. आम्ही ओट्यासमोरच्या आणि पाण्याच्या हौदाभोवतीच्या जागेत मुरूम टाकला, त्यानं निम्मा त्रास गेला. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा. नाल असो वा नसो, खूर वाढतात आणि वाढलेल्या खुरानं घोडा अडखळतो. पाठीवर मूल असताना अडखळलेला घोडा कुणालाच परवडत नाही. डांबरी रस्त्यावर चालायचं नसेल तर बहुतेक थेरपीचे घोडे नालाशिवाय छान राहतात. खर्चही वाचतो.

लीद दिवसाला एका घोड्याची पंधरा-वीस किलो. ओला-सुका कचरा वेगळा करण्यात इंदूरकरांचा हात कोण धरणार, तेव्हा जास्त सांगत नाही. खड्डा करा, खत करा, बागवाल्यांना विका. आमचा मिठाचा आणि ब्रशांचा खर्च त्यातून निघतो.

न फिरवल्यामुळे

आता मूळ मुद्दा. घोड्याचं कामाचं वेळापत्रक सगळे विचारतात, मोकळ्या वेळेचं कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

आमच्याकडे एक घोडा सलग दोन मुलं घेतो, दिवसात जास्तीत जास्त तीन फेऱ्या, आठवड्यात पाच दिवस. हा आमचा आकडा. घोडा पाहून कमी करावा, वाढवू नये. फेऱ्यांच्या आधी किंवा नंतर तासभर तरी त्याला मोरखीशिवाय, दुसऱ्या घोड्याच्या सोबतीनं मोकळं सोडायचं. तो लोळेल, धूळ अंगावर घेईल, तुम्ही नुकताच केलेला खरारा मातीत घालेल. घालू द्या. एकट्या घोड्याला कळपाची उणीव जाणवते. जागेअभावी दोन एकत्र सोडता येत नसतील तर निदान एकमेकांची नाकं पोचतील असं ठेवा.

मोकळ्या वेळेइतकंच गरजेचं म्हणजे सरावलेल्या स्वारानं आठवड्यातून दोनदा त्याच्यावर बसणं. कलत्या वजनानं घोड्याची पाठही एका अंगाला आवळते. चांगला स्वार दोन्ही बाजूंना वळणं घेऊन, थोडी दुडकी चाल करून ती मोकळी करतो. फेऱ्यांतही अर्धा वेळ उजवीकडून, अर्धा डावीकडून गोल घ्यायचे आणि दोर धरणाऱ्यानंही बाजू बदलायची. नेहमी डावीकडून ओढलेला घोडा वाकडा चालायला लागतो. मग तीच वाकडी चाल मुलाच्या कंबरेला मिळते. आधार देणाऱ्यांनी घोड्याच्या पाठीवर कोपर टेकून गप्पा मारू नयेत, हेही इथेच सांगते. मला स्वतःला दोनदा सांगावं लागलं होतं.

पाऊस आला तर? छपराखाली फिरवा, रस्त्याच्या कडेनं दोर धरून नेऊन आणा, ठाणात बांधण्याऐवजी सुटं ठेवा. आमच्याकडे आता जून ते सप्टेंबर ‘फिरवणारे’ म्हणून सहा जणांची पाळी असते, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. सकाळी फिरायला जायचंच असतं. रिकाम्या हातानं जायच्या ऐवजी घोडा घेऊन जातो.

कंटाळलेला घोडा आधी बारीक खुणांनी सांगतो: तंग आवळताना दात दाखवणं, ओट्यापाशी पाऊल मागे घेणं, डोळे अर्धवट मिटून जगापासून तुटल्यासारखं उभं राहणं. या शेवटच्या घोड्याला लोक ‘किती शांत!’ म्हणतात. लाकडाचा कठडा चावत हवा गिळणारा आणि ठाणात डोलत राहणारा घोडा तर त्या पायऱ्या कधीच ओलांडून गेलेला असतो.

आजार: नेहमीचं काय, ते आधी माहीत हवं

निरोगी घोड्याचे आकडे पागेच्या भिंतीवर रंगवून घ्या. अंगाचं तापमान ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट. नाडी मिनिटाला २८ ते ४४, जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवून मोजायची. श्वास ८ ते १६. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात. १९८३ मध्ये अमेरिकेत हेनेके यांनी अंगकाठीसाठी १ ते ९ गुणांची पद्धत बसवली. त्यात ५ च्या आसपास असलेला घोडा ठीक. आमच्याकडे दर महिन्याच्या एक तारखेला दोघं जण वेगवेगळे गुण देतात आणि मग भांडतात.

पोटशूळाची लक्षणं: पुढच्या पायानं जमीन खरवडणं, वळून वळून कुशीकडे पाहणं, वरचा ओठ वर वळवणं, सारखं लोळणं, लीद बंद होणं. चारा काढून घ्या, डॉक्टरांना फोन करा, नाडी आणि वेळ लिहून ठेवा. हळू फिरवलं तर चालेल. ओवा-हिंगाचं तेल बाटलीनं घशात ओतू नका. ते श्वासनळीत गेलं तर पोट राहतं बाजूला आणि फुफ्फुसाचं दुखणं ओढवतं. महूला १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे आपल्या भागाचं भाग्यच. पण घोड्याचा सराव असलेल्या डॉक्टरांचा नंबर आधीपासून भिंतीवर हवा, रात्री दोन वाजता शोधायचा नसतो.

वर्षाचं वेळापत्रक: धनुर्वाताची आणि रेबीजची लस, दातांची तपासणी आणि टोकदार दाढा घासणं, लिदीची तपासणी करून मगच जंताचं औषध. पावसाळ्यात चावऱ्या माश्यांमुळे सर्रा नावाचा आजार होतो: ताप येतो-जातो, पायांना सूज, खाऊनही घोडा वाळत जातो. रक्त तपासून घ्या.

ग्लँडर्सबद्दल मात्र गंभीरपणे. हा जिवाणूंचा आजार घोड्याकडून माणसाला होतो. त्यावर घोड्याला उपचार केले जात नाहीत. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार बाधित जनावर कळवावं लागतं आणि दयामरण द्यावं लागतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्तनमुन्यांच्या चाचण्या होतात. जत्रेतून किंवा वरातीच्या धंद्यातून आलेला नवा घोडा रक्ताचा अहवाल येईपर्यंत वेगळा ठेवा. त्याची बादली, ब्रश, मोरखी, सगळं वेगळं. मुलांनी त्याला हात लावायचा नाही. कुणी घोडा ‘दान’ देत असेल तरी हाच नियम.

दिवाळीचे चार दिवस फटाक्यांमुळे फेऱ्या बंद. पागेत दिवा लावून ठेवायचा, कुणीतरी थांबायचं, गवत भरपूर टाकायचं. चघळणारा घोडा कमी घाबरतो.

हातभार कसा लावावा

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि त्याची चंदी स्वतः सांभाळायचा. आपली मुलं बारगीर आहेत, येतात आणि बसतात. पागेला हवे आहेत ते शिलेदार.

पैसे द्यायचे तर कशाला ते ठरवून द्या. एका घोड्याला महिन्याला जवळपास दोन क्विंटल सुका चारा लागतो. गव्हाची कापणी झाल्यावर चारा स्वस्त असतो, पावसाळ्यात महाग; म्हणून एप्रिलमध्ये एकरकमी दिलेली मदत ऑगस्टमधल्या मदतीपेक्षा जास्त दिवस पुरते, साठवायला कोरडी जागा असली तर. नालबंदाच्या वर्षभराच्या सात-आठ फेऱ्या एका कुटुंबानं उचलल्या तर फार मोठं काम होतं. या खर्चाचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला दाता मिळत नाही. रंगीत झुली मात्र आमच्याकडे अकरा आहेत.

देण्याआधी तीन गोष्टी मागून पाहा: प्रत्येक घोड्याची वही, गेल्या महिन्याचं कामाचं वेळापत्रक आणि मोतद्दारांच्या पगाराची नोंद. शेवटचं ऐकून काही संचालक चपापतात. पण ज्याचा पगार दोन महिने थकलाय त्या माणसाकडून पहाटे पाचला कुणी नीट खूर साफ करून घेऊन दाखवावा.

वेळ द्यायचा तर नेमाने द्या. आठवड्यातला एकच दिवस, एकच वेळ, पण वर्षभर. हौसेनं चार रविवार येऊन गेलेल्या माणसांचा घोड्याला उपयोग नाही, उलट नव्या हातांची सवय करायचा त्रास.

शेवटी म्हातारपण. नवा घोडा घेतानाच विचारा की काम थांबल्यावर हा कुठे जाणार. आमच्याकडे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं आणि दोन शिलेदारांच्या सह्या असतात. चांदणी आता बावीस वर्षांची आहे. मागच्या संक्रांतीपासून खोगीर बंद केलं. सकाळी ती मैदानात असते, दुपारी सावलीत. नातू तिला किसलेलं गाजर भरवतो, डाव्या हातानं. किसतो मात्र अजून मीच.